जाहिरातीचे कर्ते

सिगारेटच्या धुराने कोंदलेली दालने, भर दुपारी भरले जाणारे मद्याचे पेले, टंकलेखन यंत्रांच्या रांगांमागे बसलेल्या तरुण स्त्रिया आणि या साऱ्यांच्या मध्यभागी, स्वतःचे खरे नावसुद्धा जगापासून दडवून वावरणारा डॉन ड्रेपर : न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरील जाहिरात-व्यवसायाचे हे जे चित्र मॅथ्यू वायनर यांच्या ‘मॅड मेन’ या मालिकेने २००७ पासून २०१५ पर्यंत रंगविले, त्याच्या मोहिनीतून मी अद्याप बाहेर पडलेलो नाही, आणि पडावे अशी इच्छाही नाही. कोडॅकच्या स्लाइड दाखविणाऱ्या यंत्रासाठी हा गृहस्थ आपल्याच मोडत चाललेल्या संसाराची छायाचित्रे एकामागून एक पडद्यावर आणतो, तेव्हा विक्रीची भाषा कोठे संपली आणि विलाप कोठे सुरू झाला, हे कळेनासे होते.

परंतु ज्याने जुन्या अमेरिकी मासिकांची पिवळी पडलेली पाने प्रेमाने चाळली आहेत, त्याला या मालिकेच्या दरबारी एक फिर्याद दाखल करावीशी वाटते. पहिल्याच भागात, म्हणजे १९६० साली, डॉनला लकी स्ट्राइक सिगारेटचे घोषवाक्य ऐन बैठकीत सुचते. आमची तंबाखू भाजलेली आहे, एवढेच ते सांगते. वस्तुतः ते १९१७ पासून वापरात होते. नाटककाराला इतकी सवलत द्यावीच. पण पुढे या सवलतीचा सिद्धान्त बनतो, आणि जाहिरात म्हणजे एका दुःखी प्रतिभावंताच्या मस्तकात एकाएकी लखलखणारी वीज, असे आपण मानू लागतो. मला हा सिद्धान्त मान्य नाही.

ताशी साठ मैल वेगातही रोल्स-रॉइसमधला सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, हे डेव्हिड ओगिल्वी यांचे १९५८ चे प्रख्यात शीर्षक घ्या. त्या गाडीविषयीचा मजकूर तीन आठवडे वाचल्यावर, एका मोटार-नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाने नोंदविलेल्या निरीक्षणात ते त्यांना गवसले. विल्यम बर्नबाख यांनी तर, मजकूर एका माणसाने लिहावा आणि चित्रासाठी तो दुसऱ्याच्या दालनात धाडावा हा जुना शिरस्ता मोडून, लेखक आणि कलादिग्दर्शक यांना एकाच मेजाशी बसविले. १९५९ ची फोक्सवॅगनची जाहिरात, जिच्यात जवळजवळ सारे पान मोकळे सोडून इवलीशी मोटार एका कोपऱ्यात ठेवली आहे, ती अशा सहवासाचेच अपत्य : शब्द ज्युलियन केनिग यांचे, रचना हेल्मुट क्रोन यांची. त्या मोकळ्या जागेचे धाडस मला आजही विलक्षण वाटते, कारण तिच्यासाठी मालकाने पूर्ण पैसे मोजले होते. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत म्हणूनच अधिक झटतो, ही भाड्याने मोटारी देणाऱ्या एव्हिस कंपनीची १९६२ ची कबुली पॉला ग्रीन यांच्या लेखणीतून उतरली, आणि तिचीही मांडणी क्रोन यांचीच. सचिवाच्या मेजापासून लेखकपदापर्यंत चढत गेलेली पेगी ओल्सन निर्माण करून मालिकेने अशा स्त्रियांचे ऋण अंशतः फेडले आहे, हे मात्र कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

मालिका संपते ती १९७१ च्या खऱ्याखुऱ्या कोका-कोला जाहिरातीवर, नाना देशांचे तरुण टेकडीवर उभे राहून गातात तीवर. आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी ध्यानस्थ बसलेल्या डॉनलाच ती स्फुरली असावी, असे सुचविते. प्रत्यक्षात धुक्यामुळे विमान आयर्लंडमधील शॅनन येथे उतरले, आदल्या दिवशी संतापलेले प्रवासी दुसऱ्या दिवशी कोकच्या बाटल्यांभोवती हसत-बोलत बसलेले दिसले, आणि ते पाहून मॅकॅन एरिक्सन संस्थेचे बिल बॅकर यांना मूळ कल्पना सुचली; गीत सिद्ध झाले ते बिली डेव्हिस, रॉजर कुक आणि रॉजर ग्रीनवे यांच्या सहकार्याने. वाचकहो, तो अखेरचा भाग अवश्य पाहा, डॉनच्या चेहऱ्यावरचे स्मितही डोळे भरून पाहा. पण श्रेय देताना ही चार नावे विसरू नका.