ताटापलीकडचं

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुणाईनं फुलून जातो. त्या गर्दीत मावश्या-काकू भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, किती बारीक झालीस! छान दिसतेस." हल्ली हे ऐकलं की काळजात धस्स होतं. जिनं जेवण तोडलंय, तिला ही शाबासकीच वाटते.

ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं तोडत जाण्याचा आजार, हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात या रुग्णांच्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक आत्महत्या होती. आपल्याकडे तर आजार ओळखूच येत नाही. "जाड होईन" असं पुष्कळ मुली म्हणतच नाहीत. "पोट जड वाटतं, जात नाही," म्हणतात आणि घरचे ॲसिडिटीच्या गोळ्या आणतात.

बहुतेकदा ती घरातली शहाणी मुलगी असते. उलट उत्तर नाही, अक्षर मोत्यासारखं, एक मार्क गेला तर रात्रभर झोप नाही. हा शहाणपणाचा हट्ट आपण कौतुकानं वाढवतो. दुसरी मुलगी तापट, उतावळी. भरभरून खाते आणि गुपचूप ओकून टाकते. तिच्या बाबतीत जिवाचा धोका एखाद्या क्षणात उभा राहतो. दोघींच्या मनात मात्र एकच वाक्य घोळू शकतं: मी सगळ्यांना ओझं झालेय. "तुझ्यामुळे घरात कुणाला शांतपणे जेवता येत नाही," हे वैतागून निघालेलं वाक्य तिथं जाऊन बसतं.

पण म्हणून आईला आरोपी करू नये. या आजारात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, आणि लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात रुजलेल्या उपचारपद्धतीत तर मुलीला पुन्हा जेवतं करण्याची सूत्रं आईवडिलांच्याच हाती देतात.

पण आपण डॉक्टरांकडे जायलाच घाबरतो. ठाण्यातल्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयामुळे "ठाण्याला पाठवा" ही थट्टा पिढ्यानपिढ्या चालत आली. त्याच ठाण्यात १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली, तिथं घरातली माणसंही मोकळेपणानं बोलू शकतात, हे त्या थट्टेइतकं घरोघरी पोचायला हवं होतं.

आणि घरीही मुलीला "जीव नकोसा होतो का गं तुला?" हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बरंच साचलेलं बाहेर येतं. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. थकलेल्या आईबाबांनीही तिथं फोन करावा.