इंजिन चढवण्याआधी

वडिलांची १९९८ सालची मारुती ८०० धूर सोडू लागली, ऑइलही खाऊ लागली, तेव्हा इंजिन उतरवायचं ठरलं. कोल्हापुरात अशा कामाला शिवाजी उद्यमनगर गाठायचं, हे ठरलेलंच. बोअर झालं, पिस्टन-रिंगा, बेअरिंग, सगळी सील-पॅकिंग नवीन पडली. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन बांधून लोखंडी घोडीवर उभं राहिलं. आता लगेच गाडीत चढवतील असं मला वाटलं होतं. मिस्त्री म्हणाले, "आधी गळती बघू. घाई नको."

ऑइल प्रेशर स्विच काढून त्या भोकात त्यांनी एक नळी जोडली. नळीचं दुसरं टोक ऑइल भरलेल्या छोट्या टाकीला आणि टाकीला कॉम्प्रेसरची हवा. दाब बेताचाच ठेवला. एक पोऱ्या पान्याने क्रँक सावकाश फिरवत होता, म्हणजे प्रत्येक बेअरिंगपर्यंत ऑइल पोचावं. इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा कोरडं फिरणार नाही, हा यातला दुसरा फायदा.

त्याआधी इंजिन पेट्रोलने लख्ख पुसून टॅपेट कव्हर, कॅमचं सील, फिल्टरची बैठक, तळाच्या ऑइल चेंबरची कड अशा सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर मारली होती. फ्लायव्हील अजून बसवलेलं नव्हतं, त्यामुळे क्रँकचं मागचं सील उघडं होतं. थोड्या वेळाने त्याच बाजूला, सीलचं हाउसिंग, ब्लॉक आणि चेंबर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, पांढऱ्या पावडरीवर केसाएवढी काळपट रेघ उमटली. सील कोरडंच होतं. गळत होता तो कोपरा.

मिस्त्रींनी बोल्ट आवळून वेळ मारून नेली नाही. जास्त आवळलं की चेंबरचा पत्रा वाकतो आणि गळती वाढते. त्यांनी चेंबर उतरवला, कड सपाट केली, नवीन पॅकिंग घातलं, कोपऱ्यात सीलंट भरलं आणि ते सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाब दिला. पावडर पांढरीच राहिली.

हीच रेघ इंजिन गाडीत चढवल्यावर निघाली असती, तर आधी ती सापडलीच नसती, कारण चालत्या गाडीत वारा ऑइल सगळीकडे पसरवतो आणि खरं मूळ झाकलं जातं. ऑइल क्लच प्लेटपर्यंत गेलं असतं तर क्लच घसरू लागला असता. मागच्या बाजूला हात घालायचा तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, सगळं उतरवणं आलं. मजुरी दुप्पट, शिवाय ओतलेलं नवं ऑइल वाया.

तेव्हा इंजिन कामाला दिलं असेल तर मिस्त्रींना एवढंच सांगा: गाडीत चढवण्याआधी गळती तपासा, मला समोर दाखवा. चांगला मिस्त्री या मागणीने रागावत नाही. आणि ब्रीदरची नळी साफ आहे का, तेही तेव्हाच बघून घ्या. ती तुंबली असेल तर आतला दाब नवं सीलसुद्धा गळवतो.