भेटवस्तू आणि श्रावकाचा विवेक : पुण्याच्या तांबट आळीतून

प्रवासाहून परतताना सग्यासोयऱ्यांसाठी काहीतरी घेऊन यावे, हा व्यापारी घराण्यांतील जुना शिरस्ता आहे. एके काळी शत्रुंजय किंवा सम्मेदशिखराच्या यात्रेहून आणलेली जपमाळ आणि प्रतिमेचे चित्र एवढ्यावर तो पाळला जाई. आता पुण्याच्या पेठांतील आणि मार्केट यार्डातील कुटुंबे सिंगापूर, लंडन, स्वित्झर्लंडपर्यंत जातात. परतीच्या पेट्यांत चॉकलेटे, अत्तरे, चहाचे संच, रेशमी रुमाल आणि चामड्याची पाकिटे असतात. जेवणाच्या ताटाबाबत परदेशात डोळ्यांत तेल घालून जपणारी ही मंडळी दुकानाच्या काउंटरवर मात्र थोडी निर्धास्त होतात.

वास्तविक ताटाइतकीच दक्षता येथेही हवी. इंग्लंडची आठवण म्हणून आणला जाणारा ‘बोन चायना’चा नाजूक संच नावाप्रमाणेच हाडांचा असतो. त्याच्या पारंपरिक मिश्रणात साधारण निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो. रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. विमानतळावर मिळणाऱ्या काही चॉकलेटांच्या पोटात मद्य भरलेले असते आणि ते वेष्टनावरील बारीक अक्षरांतच कळते. परदेशी यजमानाने स्नेहाने हाती ठेवलेली वाइनची बाटली तर उघडच नाकारावी लागते. नम्रपणे, पण स्पष्टपणे.

सातव्या म्हणजे भोगोपभोग-परिमाण व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने येतात. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्यांचा अर्थ उलगडला आहे. दंतवाणिज्यात केवळ हस्तिदंत नव्हे, तर हाड आणि कातडेही येते. रसवाणिज्यात लोणी, चरबी, मध आणि मद्य येते. हे नियम विक्रेत्याला उद्देशून आहेत. परंतु घेणारा नसेल तर विकणारा कोठून येणार, हे व्यापाऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मग द्यावे काय? हा प्रश्न उलट दिशेनेही उभा राहतो. परदेशी स्थायिक झालेली मुले-सुना सुट्टीत पुण्याला येतात, तेव्हा परतताना तिकडच्या शेजाऱ्यांसाठी, कचेरीतील सहकाऱ्यांसाठी ‘इथले’ काहीतरी शोधतात. लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग पालथी घालूनही मन भरत नाही, कारण तेथे मिळणाऱ्या अनेक वस्तू आता कोणत्याही शहरात मिळतात. अशा वेळी पावले कसबा पेठेकडे वळावीत. सप्टेंबर 2024 पासून कसबा पेठेत भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले आहे, त्यामुळे वाहन कोठे लावावे ही जुनी अडचण उरलेली नाही.

कसबा हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. त्यातील तांबट आळीची ओळख डोळ्यांआधी कानांना होते. तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा ठेका गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. ही त्वष्टा कासारांची वस्ती. त्यांचे पूर्वज पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यास आले. राज्यासाठी नाणी आणि शस्त्रे, घरांसाठी भांडी अशी कामे त्यांच्या हातांनी केली. पुढे पुणेकरांच्या न्हाणीघरातील बंब आणि घंगाळ, माजघरातील हंडे, कळशा, तपेली, पराती यांवर या आळीचे पोट चालले.

तांब्याचा एक स्वभाव आहे. ठोकत गेले की ते कठीण होते आणि आणखी ठोकले तर चिरते. म्हणून घडण अर्ध्यावर आली की भांडे लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. पत्रा गोल कापणे, आकार देणे, सांधा जोडणे, काळवटलेला थर धुऊन काढणे या साऱ्या पायऱ्यांनंतर शेवटी येते ते मठारकाम. लोखंडी आधारावर भांडे फिरवत कारागीर ओळीने लहान लहान ठोके घालत जातो. त्या ठोक्यांनी पत्र्याला बळकटी येते आणि अंगावर प्रकाश खेळवणारी खवल्यांची नक्षी उमटते. ओळ सरळ राखण्यासाठी त्याच्यापाशी रेघ नसते. हात आणि नजर एवढेच माप.

जैन घराला या धातूची आणि या आकाराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. कलश हे अष्टमंगलांपैकी एक. त्रिशलामातेच्या स्वप्नांत पूर्णकलश आहे आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे लांछनही कलशच. गाळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात भरून ठेवणे ही तर अनेक घरांतील रोजची रीत. परदेशातील नातवाच्या स्वयंपाकघरात पुण्याचा मठारकाम केलेला तांब्या गेला, तर त्याच्याबरोबर पाणी गाळण्याची आठवणही जाईल.

येथे जाणकार वाचक एक शंका काढील आणि ती रास्त आहे. कर्मादानांतील पहिलेच अंगारकर्म. कुंभार, लोहार, सोनार यांच्या पंक्तीत भांडी घडवणाऱ्याची भट्टीही त्यातच येते. म्हणजे तांब्याचा कलशही सर्वथा निर्दोष नाही. हे मान्यच करावे लागते, कारण गृहस्थाच्या वापरात येणारी कोणतीही वस्तू तशी नसते. श्रावकाचे व्रत ‘अणु’ आहे ते याचसाठी. त्याला विचारायचे असते ते एवढेच, की दोन वस्तूंपैकी अल्प आरंभाची कोणती आणि एकदा घेतल्यावर पुन्हा घ्यावी न लागणारी कोणती. जी वस्तू जिवाच्या शरीरापासूनच बनते तिच्यापासून दूर राहता येते. आणि जी तीन पिढ्या टिकते तिच्यासाठी भट्टी एकदाच पेटते. परिग्रह-परिमाणाचा हिशेबही याच वस्तूच्या बाजूने पडतो.

आळीपुढील प्रश्न मात्र आज वेगळाच आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले, घरोघरी गॅस आणि गीझर आले, तसे बंब आणि घंगाळे माळ्यावर चढली. पुढे फ्लॅटमध्ये माळाही उरला नाही, तेव्हा आजी-आजोबांची भांडी वजनावर मोडीत गेली. भांड्याचे तांबे परत मिळते, त्यातली मेहनत मिळत नाही. मागणी ओसरली तशी कारागिरांची पुढली पिढी नोकरीकडे वळली. वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या पुणे शाखेने या कारागिरांना नव्या वस्तूंच्या घडणीकडे वळवण्यासाठी प्रयत्न केले. दिवे, तबके, पेले, कुंड्या अशा वस्तू आता येथून शहराबाहेर जातात. तरीही कसब टिकणार ते कामाच्या मागणीवर, कौतुकावर नव्हे.

म्हणून खरेदीला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. यंत्राने उमटवलेले ठोके एकसारखे, शिक्का मारल्यासारखे दिसतात. हाताच्या ठोक्यांत सूक्ष्म फरक असतो आणि भांडे उजेडात फिरवले की तो दिसतो. वजन हातात तोलून पाहावे, सांधा तपासावा. पिण्याच्या पाण्याचे भांडे आतून साधे चालते, पण स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई हवीच. ताक, लिंबू, चिंच असे आंबट पदार्थ उघड्या तांब्यात ठेवू नयेत. मागणी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी नोंदवावी. घरात जुना हंडा असेल तर तो मोडीत न घालता ठाकठीक करून, कल्हई लावून भेट द्यावा. नव्या वस्तूपेक्षा त्याचे मोल अधिक होते.

आणि एक गोष्ट घडणावळीची. सोन्याच्या दागिन्याची घडणावळ ज्या घरांत बिनतक्रार मोजली जाते, त्याच घरांतील माणसे तांब्याच्या घडणावळीवर मात्र घासाघीस करतात. तांब्याचा भाव बाजार ठरवतो, तेथे कारागिराच्या हाती काही नसते. सूट मागितली की ती त्याच्या मेहनतीतूनच कापली जाते. बाजारभावाचे गणित पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या व्यापाऱ्याला हे कळते. ते कळूनही मागितलेली सूट अदत्तादानाच्या किती जवळ जाते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भेट बांधताना आत एक चिठ्ठी घालावी. भांडे कोणत्या आळीत घडले आणि कोणाच्या हाताने, एवढेच त्यावर लिहावे. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या घरात कोणी ते उचलून ‘हे कुठले?’ असे विचारले, तर उत्तरात दुकानाच्या नावाऐवजी एका माणसाचे नाव यावे.