ड्रेस्डेनची लेन्स, गारगोटीहून

गारगोटी, ता. भुदरगड

चि. मुक्ता,

पार्सल पोचलं, आणि तुझ्या मित्रांनी लेन्स बघून ‘लायकाची स्वस्तातली रशियन नक्कल’ असा शेरा मारला, हे ताईकडून कळलं. त्यांना सांग, ही ज्युपिटर-८ लायकाची नक्कल नाहीच. तिचं मूळ तू शिकतेस त्या ड्रेस्डेनमध्येच आहे.

लुडविग बेर्टेले तिथल्या अर्नेमान कंपनीत लेन्सची गणितं करायचा. १९२६ साली ती कंपनी झाइस इकॉनमध्ये मिसळली आणि पुढे त्याने झोनार ही रचना काढली. १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यावर ती लोकांच्या हाती आली. त्या काळी लेन्सला कोटिंग नसे. काच आणि हवा भेटतात त्या प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश मागे फिरतो, आतल्या आत भटकतो आणि फोटो फिकट करतो. बेर्टेलेने सहा काचा तीनच गटांत बसवल्या. हवेला भेटणाऱ्या बाजू सहाच उरल्या. एवढं साधं, आणि एवढं अवघड!

१९४५ नंतर सोव्हिएत संघाने युद्धाची भरपाई म्हणून झाइसची यंत्रं, आराखडे, काच आणि काही कारागीरसुद्धा नेले. कॉन्टॅक्स कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात ‘किएव्ह’ झाला, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला झोनारची ज्युपिटर झाली. सुरुवातीच्या लेन्समध्ये तर जर्मन काचच होती. जिंकलेल्याने हरलेल्याकडून केलेली ही वसुली होती. लेन्स कितीही आवडली तरी ते विसरू नये.

सोबतच्या कॅमेऱ्याची गोष्ट मात्र मला त्याहून जवळची. तुझ्या आजोबांची झोर्की-४ ज्या घराण्यातली, त्याचा मूळपुरुष म्हणजे फेड. खारकीव्हला रशियन यादवी युद्धात अनाथ झालेल्या, रस्त्यावर वाढलेल्या मुलांसाठी एक वसाहत होती. गुप्त पोलिसांचा प्रमुख झेर्झिन्स्की याचं नाव तिला दिलेलं. फेड ही त्याचीच आद्याक्षरं. अंतोन माकारेंको नावाचा शिक्षक ती चालवायचा. अर्धा वेळ शाळा, अर्धा वेळ कारखाना. आधी त्या मुलांनी विजेची ड्रिल यंत्रं बनवली. मग लायका खोलून तिचा एकेक भाग मोजला आणि १९३४ पासून तसा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजायला ती रस्त्यावरची पोरं शिकली! युद्धानंतर त्याच आराखड्यांवरून क्रास्नोगोर्स्कने झोर्की काढली.

माझं लहानपण मौनी विद्यापीठाच्या आवाराशेजारी गेलं. खेड्यातल्या मुलाला हाताचं काम आणि पुस्तक एकत्र मिळावं म्हणून जे. पी. नाईकांनी इथे काय उभं केलं, ते घरात रोज कानावर पडायचं. म्हणूनच असेल, माकारेंकोची मुलं मला परकी वाटत नाहीत. आणि ‘नक्कल’ म्हणून हिणवणं कोल्हापूरकराला तर शोभतच नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा घरीच तयार केला, तोही परदेशी यंत्र समजून घेऊन. खोलून पुन्हा घडवणं ही फार मोठी विद्या आहे.

आता वापराचं. यंदा एका गुऱ्हाळात मी हीच लेन्स वापरली. दारातून ऊन समोर येतं, काहिलीवर वाफ, मागे काळोख, त्यात गुळव्याचा चेहरा. आजच्या लेन्स तिथे काळा आणि पांढरा असे दोन तुकडे करतात. ज्युपिटरचं अ‍ॅपर्चर २ वर उघडलं की वाफेला मऊ कडा येते आणि काळोखातली माणसं फिल्मवर दिसत राहतात. थोडा कॉन्ट्रास्ट कमी पडतो, तो कागदावर प्रिंट करताना भरून काढता येतो. ५.६ ला मात्र ती चांगलीच धारदार होते.

तुझ्या मित्राच्या लायकावर ती बसेल, आटे ३९ मिलिमीटरचेच आहेत. पण लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवलेला असतो, रशियन लेन्स ५२.४ च्या. लांबच्या फोटोत फरक कळत नाही. मीटरभरावरच्या चेहऱ्यावर २ उघडलं, तर डोळ्याऐवजी भलतंच काही स्पष्ट येईल. तेव्हा जवळचे फोटो ८ वर घे, नाहीतर आपल्या झोर्कीवरच. झोर्कीत शटरचा वेग नेहमी रोल पुढे सरकवल्यावरच बदल. आधी चकती फिरवलीस तर आतली यंत्रणा बिघडते. आणि दुसरी रशियन लेन्स घेतलीस, तर रिंग फिरवून, काच उजेडाला धरून, मगच पैसे दे. एका लेन्सचा गुण दुसरीत असतोच असं नाही. आपल्या पावसात बुरशीची भीती, तिकडे जुन्या ग्रीसची.

अर्नेमानचा तो जुना कारखाना अजून उभा आहे, तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे आता तिथे. सवडीने जा, लेन्स गळ्यात असू दे. नंबरातले पहिले दोन आकडे बघ, बहुतेक ज्युपिटरवर तेच बनवल्याचं साल असतं.

मे महिन्यात येताना रोल चेक-इनच्या सामानात टाकू नकोस. विमानतळावर पिशवी पुढे कर आणि हाताने तपासायला सांग, नव्या सीटी यंत्रात फिल्म खराब होते. धुवायची रसायनं मी कोल्हापुराहून आणून ठेवतो.

तुझा,
मामा