मॅग्नेटोचे राज्य आणि आपली शिडी



एरवी आरक्षण आणि संविधानावर लिहिणारे आम्ही आज कॉमिकवर लिहितोय, म्हणून काही जण हसतील. हसू द्या. वसतिगृहात असताना आम्ही चौघांनी पैसे जमवून फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडून एक जुने इंग्रजी कॉमिक घेतले होते. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले आणि त्यावरून रात्रभर भांडलो. ते भांडण आजही चळवळीत चालू आहे, म्हणून हा लेख.

कॉमिकचे नाव ‘हाऊस ऑफ एम’. मार्व्हलने २००५ साली ८ अंकांत काढलेली ही कथा ब्रायन मायकल बेंडिस यांनी लिहिली. अ‍ॅव्हेंजर्स आणि एक्स-मेन तिच्यात एकत्र येतात. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी एक्स-मेन जन्माला घातले. जन्मतःच वेगळी शक्ती असलेली माणसे म्हणजे म्युटंट, आणि समाज त्यांचा द्वेष करतो. जन्मावरून द्वेष म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वांडा मॅक्सिमॉफ ही वास्तवच बदलू शकणारी बाई. तिचे मन ढासळते. तिचे काय करायचे, यावर सगळे हिरो बैठक घेतात. तिला मारून टाकण्याचीही चर्चा होते. घाबरलेला भाऊ पिएत्रो तिला गळ घालतो आणि एका क्षणात जग उलटे होते. म्युटंट सत्तेवर येतात, मॅग्नेटो राजा होतो, जेनोशा बेटावरून त्याच्या घराण्याचे राज्य चालते. साधी माणसे ‘सेपियन’ म्हणून दुय्यम ठरतात.

इथे आमच्यातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. “असंच पाहिजे! हजारो वर्षं त्यांनी राबवलं, आता त्यांची पाळी!” खोटे कशाला बोलू, टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याच आठवड्यात एका खाणावळीत आडनाव विचारून आम्हाला वेगळ्या टेबलावर बसवले होते. तो राग ताजा होता.

आमच्यातला चौथा कमी बोलायचा. तो म्हणाला, “मग ल्यूक केजचं काय? त्या जगात आपला माणूस तर तोच ना?”

ल्यूक केज हा काळा हिरो. त्या उलट्या जगात तो न्यूयॉर्कमध्ये दबलेल्या माणसांचा लपूनछपून लढा चालवतो. आम्ही गप्प झालो.

मॅग्नेटोचा राग खोटा नाही. लहानपणी त्याने नाझींची छळछावणी भोगली आहे. पण आपली जमात जन्मानेच श्रेष्ठ आहे, असे तो म्हणू लागतो तेव्हा तो मनूचीच भाषा बोलतो. फक्त मालक बदललेला असतो. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ मांडले, त्यात वरच्या पायरीवर आपला नंबर लावायचा नव्हता. ती शिडीच मोडायची होती. आपापल्या पोटजातीचा झेंडा घेऊन दुसऱ्या पोटजातीला खाली ढकलणाऱ्या आपल्या मित्रांनी हे कॉमिक जरूर वाचावे.

शेवट तर याहून भयंकर आहे. वांडा जुने जग परत आणते, पण म्युटंटच नकोत असे म्हणून. तिच्या एका वाक्याने बहुतेकांची शक्ती जाते. सरकारी मोजणीत १९८ उरतात. मग द्वेष संपला का? पुढच्या कथांत शक्ती गेलेली मुले एक्स-मेनच्या शाळेतून बसने घरी निघतात, आणि द्वेष करणारे ती बसच उडवतात. मुले आता म्युटंट नव्हती, तरी मारली गेली!

नोकरीत आम्हाला एक साहेब भेटले. “आता जात राहिलीय कुठे? तुम्हीच कशाला काढता?” असे ते नेहमी म्हणायचे. बढतीच्या यादीत मात्र त्यांना सगळ्यांच्या जाती पाठ असायच्या. वांडाचे वाक्य ते हेच. शब्द पुसायचा, पीडिताची ओळख पुसायची आणि विषमतेला हातही लावायचा नाही.

ओळख आपणही बदलली, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. पण ती कुणी जादूने आपल्यावर लादली नव्हती. लाखो माणसांनी स्वतःच्या पायांनी येऊन, स्वतःच्या तोंडाने २२ प्रतिज्ञा घेतल्या. महाडचे पाणीही १९२७ साली असेच मिळाले, चालत जाऊन. एका व्यक्तीच्या मर्जीने आलेली मुक्ती त्याच व्यक्तीच्या मर्जीने जाते. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा आपण दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी नवा मॅग्नेटो खांद्यावर घेतो.

त्या खोट्या जगात स्पायडरमॅनला सगळे मिळालेले असते: मेलेली ग्वेन बायको म्हणून, मुलगा, जिवंत काका, प्रसिद्धी. खरे कळल्यावर तो कोलमडतो, तरी लढायला उभा राहतो. नोकरी, फ्लॅट, गाडी मिळून स्थिरावलेल्या आपल्या माणसांना, आणि त्यांत आम्हीही आलो, एवढाच प्रश्न आहे: खरे कळल्यावर आपण उभे राहणार का?

तो चौथा मित्र आज वस्तीत अभ्यासिका चालवतो. ते कॉमिक त्याच्याच कपाटात आहे, पाने सुटलेली. मुले अजून त्यावरून भांडतात. भांडू द्या.

जय भीम! जय संविधान!