नळीतली साय

सेंट्रिफ्यूज थांबते. तांबड्या पेशींवर पिवळसर, पारदर्शक सीरम दिसायला हवे, तिथे दुधासारखे पांढरे पाणी असते. नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर वर चक्क साय धरते. 'नमुना खराब, पुन्हा घ्या' असा शेरा मारून तंत्रज्ञ मोकळा होऊ शकतो. बाई गरोदर असेल तर मात्र त्याने त्याच क्षणी वॉर्डात फोन करायला हवा.

ही साय म्हणजे रक्तातली चरबी. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, यकृत जास्त चरबी रक्तात सोडते आणि ती फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावते. शेवटच्या तिमाहीत ही चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, दुपटी-चौपटीने वाढते, तरी बहुधा डेसिलिटरमागे 300 मिलिग्रॅमच्या आत राहते. जनुकीय दोष किंवा बेताल मधुमेह सोबत असला तर ते हजारापलीकडे जाऊ शकते, आणि तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती खरी असते. आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाची.

सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे खानवेल-दुधनीच्या पाड्यांवरच्या आणि कारखान्यांच्या वस्तीतल्या बायका येतात, या नळीला आणखी एक अर्थ आहे. गढूळ रक्तात हिमोग्लोबिन खोटे जास्त दिसते. रक्तक्षय त्यामागे लपू शकतो. सोडियम खोटे कमी दिसते. स्वादुपिंडाच्या सुजेत वाढणारे अमायलेजही फसवते, खोटे सामान्य दिसते. म्हणून आठव्या महिन्यात पोटात वरच्या बाजूला कळ येऊन ती पाठीकडे जात असेल, उलट्या होत असतील, तर 'पित्त' म्हणून गोळी देण्याआधी रक्तातले स्वादुपिंडाचे लायपेज आणि ट्रायग्लिसराइड तपासावे. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत चरबीची तपासणी नसते. ती मुद्दाम मागावी लागते.

स्वादुपिंडाला सूज आली असेल तर सुरुवातीला तोंडाने काही न देता सलाइन, गरजेप्रमाणे ग्लुकोजसह इन्सुलिन, बाळाच्या ठोक्यांवर नजर. तेवढ्याने ट्रायग्लिसराइडचा आकडा उतरला नाही तर प्लाझ्मा बदलण्याची सोय असलेल्या मोठ्या केंद्रात पाठवायचे, तेही वेळ न दवडता.

दुखणे नसेल तर खरी लढाई स्वयंपाकघरात. 'दोन जिवांची आहे' म्हणून सासू प्रेमाने तूप वाढते, डिंकाचे लाडू देते. ते थांबवायला सांगताना तिला दुखावून चालत नाही. नागलीची भाकरी, बिनफोडणीचे वरण, साय काढलेले दूध, साखर आणि तळण जवळपास बंद. बाळाला आवश्यक मेदाम्ले मिळायला हवीत, म्हणून हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. पहिल्या तिमाहीनंतर फायब्रेट द्यायचे का, हे तज्ज्ञाने ठरवावे.

प्रसूतीनंतर काही आठवड्यांत आकडा बराच खाली येतो, आणि बाई फाइलसकट गावी जाते. त्या फाइलवर ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवे: इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, भावंडांचीही तपासणी करा, पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच भेटा.