गुसलखान्याची भिंत

मे महिन्यात शाळा बंद असतात, म्हणून आमच्यासारख्या शिक्षकांच्या घरातली दुरुस्तीची कामे याच महिन्यात निघतात. यंदा पाळी होती गुसलखान्याची. नळदुर्गातले आमचे घर जुने. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, त्यानंतर अब्बांनी (अल्लाह त्यांना मगफिरत देवो) मागची दगडमातीची भिंत उतरवून विटांची बांधली आणि तिच्या आधाराने गुसलखाना काढला. त्या भिंतीचा रंग दरवर्षी पापुद्र्यांनी सुटतो. कमरेइतक्या उंचीपर्यंत पिठासारखा पांढरा क्षार फुटतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. अम्मींना दमा आहे. पहाटे फज्रच्या वजूला त्या आत गेल्या की पाच-सात मिनिटांत खोकल्याचा आवाज सुरू होतो, आणि घरातला प्रत्येकजण अंथरुणात कान देऊन तो कधी थांबतो याची वाट पाहतो.

मिस्त्रींनी भिंत खरवडून, गिलावा करून, सिरॅमिक टाइल्स लावायचे 22 हजार सांगितले. त्याच दिवशी आमच्या अकरावीतल्या लेकीने मोबाइलवर स्टिकरच्या टाइल्स दाखवल्या. मागचा कागद ओढायचा आणि भिंतीवर दाबायचे, झाले! ना सिमेंट, ना धूळ, ना मिस्त्री. गुसलखाना 5 फूट बाय 4 फूट, टाइल्स 6 फुटांपर्यंत. दार वजा जाता 93 चौरस फूट भरतात. फूटभराचा एक नग 30 रुपये धरला तर तीन हजारांच्या आत काम. उरलेल्या 19 हजारांत लेकीच्या क्लासची फी निघत होती, त्यामुळे तिचा उत्साह आम्हाला समजत होता.

आजकाल ही टाइल बऱ्याच घरांत दिसते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. नाव टाइल असले तरी ती भाजलेल्या मातीची नसते. बहुतेक वेळा प्लास्टिकचा म्हणजे विनाइलचा पातळ पत्रा असतो, वर छापलेली नक्षी आणि मागे दाबल्यावर चिकटणारा गोंद. हा गोंद सिमेंटसारखा भिंतीत मुरत नाही, तो फक्त समोरच्या पृष्ठभागाला धरून राहतो. म्हणजे टाइल भिंतीला चिकटत नाही, भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या थराला चिकटते. तो थर डिस्टेंपरचा असेल आणि हात फिरवल्यावर बोटाला भुकटी लागत असेल, तर टाइल भुकटीला चिकटली असे समजावे.

पुण्याच्या आपांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये अशा टाइल्स दोन वर्षांपासून आहेत आणि एकही निघालेली नाही. लेकीने हा दाखला दिलाच. पण तिथे खाली घरमालकाच्या जुन्या चकचकीत टाइल्स आहेत, भिंत आतून कोरडी आहे, आणि आपांनी लावण्याआधी साबण-तेलाचा थर पुसून काढला, भिंत दोन दिवस वाळू दिली, वरून सगळ्या कडा सिलिकॉनने बंद केल्या. भाड्याच्या घरात तोडफोड करता येत नाही, तिथे हा उपाय वाईट नाही. बेसिनच्या मागे, कपाटाच्या दारावरही चालतो. गॅसच्या शेगडीला लागून मात्र लावू नये, प्लास्टिक उष्णतेने वाकते. आणि गुसलखान्याच्या जमिनीवर तर मुळीच नको. ओल्या पायाखाली गुळगुळीत प्लास्टिक आणि घरात सत्तरीकडे झुकलेले माणूस! तिथे खडबडीत फरशी आणि भिंतीला पक्की बसवलेली एक दांडी, यावर खर्च करायला कंजुषी करू नये.

आमची भिंत आतून कोरडी आहे का, हा खरा प्रश्न होता. आठवीच्या मुलांना करून दाखवता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. प्लास्टिकच्या पिशवीचा हातभर तुकडा कापायचा, भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस थांबायचे. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दव दिसले तर ओल खोलीतल्या वाफेची; आतल्या बाजूला दिसले तर ती भिंतीतून येते आहे. सोबत लेकीने आणलेल्या दहा नमुन्यांतली एक टाइल बादलीमागे लावली आणि एक स्वयंपाकघरात बेसिनमागे. दोन दिवसांनी प्लास्टिक काढले तर आतून थेंब ओघळत होते. बादलीमागच्या टाइलची खालची कड अकराव्या दिवशी उचलली. तिच्या मागे पाणी होते, आणि डिस्टेंपरचा पापुद्रा गोंदासकट बाहेर आला होता. बेसिनमागची जशीच्या तशी.

लेक काही बोलली नाही, पण तिनेच पुढचा प्रश्न विचारला, "मग हे पाणी येतं कुठून?"

भिंतीच्या पलीकडे आमचा हौद आहे. अर्धा जमिनीत, अर्धा वर. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आपल्या भागात घर लहान असो की मोठे, हौद हवाच. मिस्त्रींनी आत वाकून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, टाइल कोणतीबी लावा, आधी हौद रिकामा करा."

अम्मींनी साफ नकार दिला. त्यांचे वय लक्षात घेतले म्हणजे हा नकार समजतो. 1972 च्या दुष्काळात त्या लहान होत्या. खडी फोडायला गेलेल्या आईसाठी मैलभरावरून घागर आणणे हे त्यांचे काम होते. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर आपण सर्वांनीच पाहिले. भर मे महिन्यात भरलेला हौद रिकामा करा म्हणणारा माणूस त्यांना वेडाच वाटणार. "दीवार गिली राहू दे, मी खोकेन," त्या म्हणाल्या, "पण पाणी सोडायचं नाही."

आम्ही वाद घातला नाही. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे त्या रात्री इशानंतर हौदाच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारली, झाकण लावले आणि फज्रपर्यंत एक तांब्याही काढला नाही. सकाळी पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली होते. हौद 6 फूट बाय 5 फुटांचा, म्हणजे रात्रीत साधारण 35 लिटर गेले. लेकीने हा हिशेब वहीत मांडून दादीसमोर ठेवला. अम्मींना लिटर फारसे कळत नाहीत, पण हुजूर (स.) एक मुद पाण्यात वजू करीत, हे त्यांना लहानपणापासून पाठ आहे. एक मुद म्हणजे पाऊण लिटरहूनही थोडे कमी. पाच वेळच्या वजूला साडेतीन लिटर धरा. अम्मींनी बोटे मोजली आणि बराच वेळ हौदाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे माझ्या दहा दिवसांच्या वजूचं पाणी एका रात्रीत भिंत पिते?" त्यांनी विचारले. मग त्यांनीच शेजारच्या काकूंना हाक मारली. काकूंच्या हौदात जागा होती. मोटार आणि पाइप लावून आमचे पाणी तिकडे गेले, दोन ड्रम अंगणात भरून ठेवले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, 1613 चा पाणी महाल आहे. मीर मुहम्मद इमादीन हे त्याच्या बांधणाऱ्याचे नाव. बांधाच्या पोटात दालन, आणि पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात. दरवर्षी आम्ही मुलांना घेऊन जातो, आणि दरवर्षी एखादे मूल आतली भिंत हाताने चाचपून विचारते, इथे पाणी का येत नाही? पाण्याला भिंतीवर रेंगाळू न देता पन्हाळीतून पुढे फेकले आहे, हे त्याचे अर्धे उत्तर. बाकीचे अर्धे दगड आणि चुन्याच्या पक्क्या कामात. आमच्या मिस्त्रींनी किल्ला पाहिलेला आहे, पण ते त्याचे नाव काढत नाहीत. त्यांनी गुसलखान्याच्या जमिनीला मोरीकडे उतार वाढवून दिला, तेवढ्यात आम्हाला ते कळले.

हौदाच्या तळाशी, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, बोट जाईल एवढी चीर निघाली. ती खोलवर उकरून, धुऊन, वॉटरप्रूफिंगचे द्रावण घातलेल्या सिमेंटने भरली, कोपऱ्याला गोलाई दिली आणि सात दिवस ओली पोती टाकून भिजवत ठेवली. अलीकडच्या भिंतीचा कमरेपर्यंतचा सगळा गिलावा उतरवला. आता तिथे उघड्या विटा आहेत. दिसायला भिंत कुरूप झाली, पण ओल्या विटेवर नवा गिलावा केला तर क्षार पुन्हा तोंड काढणार. म्हणून ती पावसाळाभर तशीच वाळत राहील, आणि टाइल्स दिवाळीच्या सुट्टीत लागतील: सिरॅमिकच्या, टाइल्सच्या मसाल्याने, पूर्ण भरून. मागे पोकळी ठेवून चार ठिपक्यांवर टाइल बसवणारे कारागीर असतात, तेवढे आम्ही ठरवतानाच बोलून घेतले. भिजवायचे पाणी बोअरचे जड होते, त्याबद्दल मिस्त्रींनी कुरकुर केली, पण दुसरे आणणार कुठून?

खर्च हौदासकट 27 हजारांवर गेला आहे. क्लासची फी दोन हप्त्यांत भरायची सवलत मिळाली. बेसिनमागे लेकीने उरलेल्या आठ स्टिकर टाइल्स लावल्या, निळ्या नक्षीच्या, आणि त्या खरोखर छान दिसतात. अम्मींचा खोकला किती कमी होतो ते थंडीत कळेल; सध्या त्या वजू अंगणात, चौकीवर बसून करतात.

हौद परत भरला त्या रात्री लेकीने नवी रेघ मारली. सकाळी टॉर्च घेऊन आधी दादी पोहोचल्या होत्या. पाणी रेघेवर होते.